तुराटीचे पाय

आमच्या घरात खेळ हा शब्द आईच्या तोंडी नव्हता. ती त्याला हाताचं काम म्हणायची. चिंचोके काढणं हे हाताचं काम, चिखलाचे बैल करणं हे हाताचं काम, संक्रांतीच्या हलव्यावर काटे आणणं हेही हाताचंच काम. मी ते खेळ समजून करायचे आणि कंटाळा आला की उठायचे. माझी धाकटी बहीण विमल उठायची नाही, कारण तिला उठू देत नसत. आई तिला इमल म्हणायची. तामलवाडीकडच्या शेतकऱ्याची लेक होती माझी आई, मास्तराच्या घरात आली तरी तिची बोली तिनं बदलली नाही, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही, ती कधी सुधारायला घेतली नाही. वर्गात पोरांचे उच्चार घासूनपुसून घेणारा हा माणूस घरात मात्र गपचूप जेवायचा.

विमल दोन वर्षांची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण दोन्ही हातांची बोटं ढिली पडली ती पडलीच. हात वर जायचे, हलायचे, पण मूठ वळत नव्हती. हातात दिलेली वस्तू घरंगळून खाली पडायची आणि ती खाली बघत राहायची. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध काही नाही, तेल लावा आणि हाताला काम देत राहा, रोज, काहीही द्या पण द्या. डॉक्टर बोलता बोलता बोलून गेले असतील. आईनं ते पदराला गाठ मारून घरी आणलं.

मग आमच्याकडे महिना ओळखायचा तो विमलच्या बोटांना काय लागलंय त्यावरून. चैत्रात चिंचा फोडायच्या, तेव्हा बोटं तपकिरी आणि चिकट. आई परातीत शाळू ओतायची, त्यात पाच चिंचोके लपवायची आणि विमलला सांगायची, डोळे मिटून हुडक. मी दोन मिनिटांत पाचही काढायचे. विमलला स्वयंपाक होईपर्यंत तीन सापडायचे. पावसाळा लागला की चिखल, श्रावणात मेंदीचा पाला वाटणं, थंडीत हुरड्याची कणसं तळहातावर चोळणं. संक्रांतीच्या आधी आई मंद विस्तवावर परात ठेवून तीळ टाकायची, थेंब थेंब पाक सोडायची आणि आम्ही बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवत बसायचो. बोटं पोळायची. मी हात काढून घ्यायचे, विमलला कमी पोळायचं की ती बोलत नव्हती, कुणास ठाऊक. सुगी झाली की ज्वारीची वाळलेली धाटं यायची. वरची साल सोलायची, आतल्या पांढऱ्या गराचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडायचे, त्याच्या गाड्या व्हायच्या, चष्मे व्हायचे. साल बोटाला कापायची. आई हळद दाबायची आणि म्हणायची, “रक्त आलं म्हंजी बोट जितं हाय.” फाल्गुनात पळसाची फुलं कुस्करायची, की वर्ष संपलं.

गेल्या महिन्यात माझ्या सुनेनं पुण्याहून नातीसाठी एक खोका आणला. त्यात रंगवलेले तांदूळ, ओली न होणारी वाळू, मळायला रंगीत गोळे, आणि कोणत्या ऋतूत मुलाला काय करायला द्यायचं याचं गुळगुळीत कागदावरचं पुस्तक. सुनेनं मला समजावून सांगितलं की यानं बोटांचे स्नायू तयार होतात आणि स्पर्शाची जाण वाढते. मी ऐकून घेतलं. ती चांगली आहे, आणि खोक्यात वाईट काही नव्हतं. फक्त तांदळाला वास नव्हता.

आम्ही बेंबळीत गावाच्या कडेला दोन खोल्यांत राहत होतो, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणात एक दोडक्याचा वेल. घर एका शेतकऱ्याचं, त्याचा गोठा भिंतीला लागून. पहाटे जात्याची घरघर, मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मग शाळेची घंटा, म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा. शाळा तीन घरं सोडून होती. अण्णांकडे पहिली आणि चौथी अशा दोन इयत्ता एकाच खोलीत होत्या आणि मी चौथीत होते. विमल सहा वर्षांची झाली होती आणि घरीच होती. घंटा झाली की ती उंबऱ्यावर येऊन बसायची. शाळा सुटून मी आले की विचारायची, आज कुठला धडा झाला, कोण रडलं, कुणाला छडी बसली. मी अर्धवट काहीतरी सांगायचे. तेच ती दुसऱ्या दिवशी आईला रंगवून सांगायची, जणू वर्गात हीच बसली होती.

शाळा सुटल्यावर विमलचं हाताचं काम संपेपर्यंत तिच्याजवळ बसायचं, हे माझं काम होतं. मला त्याचा मनस्वी राग यायचा. बाहेर पोरींचा आवाज यायचा आणि मी इथं बहिणीच्या हातातून निसटलेला गोळा दहादा उचलून तिच्या हातात देत बसलेली. तो राग मी कुणाला दाखवला नाही, पण होता, आणि तो लिहिल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही.

त्या श्रावणात एके दिवशी अण्णा जेवत असताना आईनं विषय काढला. “इमलला साळंत घालायचं का न्हाय?”

अण्णा म्हणाले, “तिला पेन्सिल धरता येत नाही. वर्गात बसवून काय करू? पोरं हसतील.”

“तिला हसतील का तुमाला?”

अण्णांनी भाकरी मोडली.

“पोळ्याला बैल करंल ती,” आई म्हणाली. “एका गोळ्यातनं चारी पाय वढून. बोटात तेवढी ताकद आली तर पेन्सिल धरता येती का न्हाय, सांगा.”

“उभा राहिला पाहिजे,” अण्णा म्हणाले. “पोळ्याला दिवसभर चार पायांवर उभा राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर शाळेत. नाही तर पुढच्या वर्षापर्यंत नाव काढायचं नाही.”

विमल भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं दोन्ही हात फ्रॉकखाली घेतले, एवढं मला आठवतं.

आमच्याकडे बैल नव्हते, म्हणून पोळ्याला मातीचेच बैल पुजायचे. माती काळी, ओढ्याकाठची. ती वाळली की तडकते, म्हणून तिच्यात थोडा कापूस कुटून घालायचा. गोळा मळून लांबट करायचा, पुढून मान आणि शिंगं, वर अंगठ्यानं दाबून वशिंड, आणि खालून पाय. पाय करण्याचे दोन प्रकार होते. गावातली पोरं आत काड्या खुपसायची आणि वरून माती थापायची, दोन मिनिटांचं काम. आईला ते चालत नव्हतं. तिच्या हिशेबी पाय त्याच गोळ्यातून चिमटीनं ओढून काढायचा. “काडी घातली की बोटाला काय काम ऱ्हातं?” असं ती म्हणायची. विमलची चिमूट बसायला लागली होती, पण तिला जोर नव्हता. पाय निघायचे ते वातीसारखे. बैल खाली ठेवला की चारी पाय फाकायचे आणि तो पोटावर बसायचा. ती तो मोडायची, पुन्हा गोळा करायची. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. अंगणातल्या फरशीवर तिच्या ओल्या गोळ्यांचे डाग पडले होते, ते पुढं उन्हाळ्यापर्यंत गेले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई विहिरीवर गेली होती. शेजारच्या गोठ्यात बैलांच्या खांद्यांना तूपहळद चोळणं चाललं होतं. नागपंचमीचा झोका निंबावरून अजून उतरवला नव्हता, तो आज संध्याकाळी उतरवणार म्हणून पोरी मला हाका मारत होत्या. विमलनं तेव्हाच बैल खाली ठेवला आणि तो पोटावर बसला. तिनं माझ्याकडे बघितलं. मला दया आली असं इथं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. हिचा बैल उभा राहिला तर ही शाळेत जाईल, शाळेत गेली की हिच्याजवळ बसायची माझी कटकट मिटेल, आणि आत्ता झोका मिळेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. कोपऱ्यात तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, खराटा होता. त्यातली एक तुराटी ओढली, तिचे सारखे चार तुकडे केले, बैलाच्या पोटात खुपसले आणि वरून माती चढवली. बोट ओलं करून सगळं गुळगुळीत केलं.

“आई नग म्हणती,” विमल म्हणाली.

“गप बस. साळंत जायचंय का न्हाय?”

तिनं हात फ्रॉकखाली घेतले. त्या प्रश्नापुढं ती हटणार हे माहीत असूनच मी तो विचारला होता. मग मी झोक्यावर गेले. भरपूर झोके घेतले.

पोळ्याच्या दिवशी बैल पाटावर उभा होता. अंगाला चुना, शिंगांना गेरू, गळ्यात आईनं ओवलेली मण्यांची माळ. बाहेर हलगी वाजत होती, गावातले बैल मारुतीच्या देवळाकडे चालले होते, आणि घरात पुरण वाटल्याचा गूळ-वेलदोड्याचा वास. अण्णा सकाळी आले, वाकले, बैलाभोवती एकदा फिरले. दुपारी पुन्हा येऊन बघून गेले. दिवेलागणीला आईनं पाटाशी पणती लावली तेव्हा ते खळखळून हसले. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. मग त्यांनी पिशवीतून एक कोरी पाटी काढली, लाकडी चौकटीची, कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेली. पाटी आज विकत घेतलेली नव्हती, कारण आज बाजार नव्हता. म्हणजे ती आधीच आणून ठेवलेली होती. आईनं ते ओळखलं आणि तोंडाला पदर लावला. विमलनं पाटी मांडीवर घेतली. ती हसली नाही, पण कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल बोळवायचा. आमच्याकडे रीत अशी की अंगणात घंगाळात पाणी घ्यायचं, ज्यानं बैल केला त्यानंच तो पाण्यात सोडायचा, आणि ते पाणी दोडक्याच्या वेलाला घालायचं. ही रीत मला माहीत होती. दर वर्षी बघितलेली होती. तरी काड्या खुपसताना ती माझ्या डोक्यातच आली नाही, इतकी मी झोक्यापायी आंधळी झाले होते. विमल नवा फ्रॉक घालून, तेल लावलेल्या वेण्या घालून बैल पोटाशी धरून उभी राहिली आणि सोडेना.

“सोड इमे,” आई म्हणाली. “पुढच्या साली दुसरा करशील.”

तिनं मान हलवली. अण्णांना वाटलं, पोरीला बैलाचा लळा लागला. त्यांनी काखेत तिची पाटी धरली होती. त्यांनी हळूच तिच्या हातातून बैल घेतला आणि आपल्याच हातानं पाण्यात ठेवला. बुडबुडे आले. शिंगं गेली, वशिंड गेलं, पाणी काळं झालं. मग एकेक करून चार तुराट्या वर आल्या, सगळ्या एका मापाच्या, आणि घंगाळाच्या कडेला जाऊन लागल्या.

अण्णांनी आईकडे बघितलं. माझ्याकडे नाही, आईकडे. बैल उभा राहावा म्हणून सगळ्यात जास्त जीव कुणाचा टांगणीला लागला होता हे त्यांना ठाऊक होतं. “मला फसवलंस ते फसवलंस,” ते म्हणाले, “पोरीला काय शिकवलंस?”

आईनं तुराट्यांकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या खराट्याकडे. मग माझ्याकडे. तिला कळायला तेवढं पुरलं. “व्हय,” ती म्हणाली, “म्याच घातल्या. चुकलं माझं.”

तिनं असं का केलं हे पुढं मी स्वतः आई झाल्यावरही मला पुरतं उमगलेलं नाही. मला मार बसला असता, फार तर दोन छड्या. कदाचित तिला वाटलं असेल की मी स्वतःहून बोलेन. मी तोंड उघडलं नाही. अण्णांनी पाटी वरच्या फळीवर ठेवली, चपला घातल्या आणि निघाले. घंटा झाली. मीही दप्तर घेऊन त्यांच्या मागं गेले.

अण्णा रागावले की आवाज चढवत नसत, स्वतःचं पाणी स्वतः घ्यायचे. त्या दिवसापासून ते माठाकडे उठून जाऊ लागले. आई तांब्या घेऊन पुढं व्हायची तोवर ते पाणी पिऊन झालेले असायचे. आईला एवढी शिक्षा पुष्कळ होती. आणि माझी शिक्षा वेगळी निघाली. संध्याकाळी शाळेतून आले तर आई म्हणाली, “जा खेळायला. तुजं काम संपलं.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. झोका उतरवला होता. पोरींबरोबर चार घटका घालवून मी परत यायचे आणि भिंतीवर बसून आतला चिखल थापल्याचा आवाज ऐकायचे. मला कुणी आत बोलवलं नाही.

विमलनं चिमटीचा नाद सोडला होता. बोटं ऐकत नाहीत तर नाही, तिनं मनगटाच्या वरचा तळहाताचा भाग वापरायला घेतला. दोन तळहातांमध्ये गोळा दाबून ती त्याला खाली चार खुंट काढायची, उखळात बसवावेत असे जाड. बैल कमी आणि पाट जास्त दिसायचा. पण तो पोटावर बसायचा नाही.

आठ-नऊ दिवसांनी, भर दुपारी, आमचा वर्ग चालू असताना दारात विमल उभी राहिली. एकटी. अंगावर घरातला फ्रॉक, कोपरापर्यंत चिखल, आणि दोन्ही हातांवर आडवा धरलेला बैल. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “गुर्जी, डुक्कर आणलंय,” आणि अख्खा वर्ग हसला. ती सरळ चालत गेली आणि तिनं बैल टेबलावर ठेवला. मग टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून अण्णांना काहीतरी बोलली. हशा चालू होता, मला ऐकू आलं नाही. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी वर बघितलं, आमच्या चौथीच्या रांगांकडे. मला वाटलं, हसणाऱ्यांना हेरतायत. त्यांनी बैलाच्या पाठीवर तळहात ठेवून चांगला दाबला. बैल उभा राहिला.

“ज्याला हसू आलं त्यानं उभं राहावं,” ते म्हणाले. कुणी उभं राहिलं नाही. त्यांनी विमलला पहिलीच्या पहिल्या ओळीत बसवलं आणि मधल्या सुट्टीत घरी जाऊन फळीवरची पाटी घेऊन आले.

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. माठाकडे गेले नाहीत. आई तांब्या घेऊन आली, त्यांनी तो तिच्या हातून घेतला, प्यायले आणि म्हणाले, “पुरण घाल. आपल्याकडे पोळा आज आहे.” भाद्रपद लागून किती दिवस झाले होते, गावात गणपती बसले होते, आणि आमच्या घरात पाटावर एक जाडजूड बैल. आईनं त्याला ओवाळलं. मी पोळी खाल्ली. गोडच होती.

विमल पुढं व्यवस्थित शिकली, तुळजापुरात नोकरी करून निवृत्त झाली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे. तुराट्यांचा विषय घरात पुन्हा कधीच निघाला नाही. माझं लग्न झालं, मी तेरला सासरी गेले, माहेरपणाला येत-जात राहिले. परत निघताना अण्णा एस.टी.पर्यंत सोडायला यायचे आणि मी खिडकीशी बसले की विचारायचे, “शकू, काही सांगायचं राहिलं का?” सासरी काही त्रास आहे का असं त्यांना विचारायचं असेल, असं मी धरून चालायचे. अण्णा गेले, नंतर आई गेली. आईनं फसवलं असंच मनात धरून अण्णा गेले, आणि त्याला कारण मी, हे ओझं मी एवढी वर्षं वागवलं. ते जड होतं, पण सवय झाली होती.

परवा विमल माझ्याकडे आली होती. आता धाराशिवात असते मी, मुलाच्या घरी. नात ओवी त्या खोक्यातल्या रंगीत गोळ्याची गाय करत होती, आणि गायीचे पाय फाकून ती पोटावर बसत होती. ओवी रडकुंडीला आली. टेबलावर दात कोरायच्या काड्यांची डबी होती. मी कधी हात घातला ते माझं मलाच कळलं नाही.

“अक्का, हात मागं घे,” विमल म्हणाली.

मी काडी डबीत ठेवली. मग म्हटलं, “तुला आठवतंय?”

“न आठवायला काय झालं. म्याच तर अण्णांना सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“साळंत. बैल ठेवला आन् म्हणलं, काड्या आईनं न्हाय घातल्या, अक्कानं घातल्या. म्या बघत हुते, म्या पण बोलले न्हाय.”

ओवीनं गाय मोडून पुन्हा गोळा केला होता. शेवटी मी विचारलं, “मग अण्णा मला कधीच कसं काय बोलले नाहीत?”

“म्या इचारलं हुतं त्यांना,” विमल म्हणाली. “म्हणले, ती सांगंल आपणहून. वाट बघू.”

एस.टी. सुरू झाली की मी खिडकीतून म्हणायचे, काही नाही अण्णा, सगळं ठीक आहे. ते मान हलवायचे. गाडी वळणावर जाईपर्यंत ते तिथंच उभे असायचे.